सव्वापांच सेकंदांची विद्या

गणपतीस मुलानें घरीं न येणें हा कोंकणांतील मोठ्या अपराधांपैकीं एक होय. मुंबईचा चाकरमानी रजा मिळाली नाहीं तर आजारी पडेल, पण चतुर्थीस गांव गांठील, हें सर्वांस ठाऊक आहे. सन २०१९ सालीं भाद्रपद शुद्ध चतुर्थी २ सप्टेंबर रोजीं सोमवारीं आली. अमेरिकेंत सप्टेंबरचा पहिला सोमवार हा कामगारांच्या सुटीचा दिवस असतो, आणि त्या सुटीस जोडून इंडियानापोलिस शहराजवळ पाव मैलाच्या मोटारशर्यतींचा मोठा मेळा भरतो. १९६१ पासून तो त्याच जागीं भरत आला आहे. आमच्या कैलासवासी वडील बंधूंचा मुलगा त्या इंडियाना संस्थानांत यंत्रशास्त्राचें उच्च शिक्षण संपवून एका कारखान्याच्या कचेरींत चांगल्या वेतनावर होता. त्याचे दोन निरोप एकदमच आले. पहिला, मेळा असल्यामुळें यंदा गणपतीस येणें होत नाहीं. दुसरा, नोकरी सोडून शर्यतीच्या एका पथकांत इंजिनें जुळविण्याचें काम पत्करावें असा विचार आहे.

जयगडच्या आमच्या घरांत या दुसऱ्या निरोपानें जी शांतता पसरली ती आरतीच्या झांजांनींहि मोडली नाहीं. बंधूंच्या मागें वहिनींनीं हा एकच मुलगा वाढविला, त्याच्या शिक्षणाकरितां अंगावरचें सोनें मोडलें. त्या रडल्या नाहींत. नैवेद्याचीं पानें उचलून झाल्यावर आमच्यापाशीं येऊन म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही पढलेले आहां. मोटारी पळविणें ही विद्या आहे कीं व्यसन आहे, तें तुम्हीच पाहून सांगा. तुम्ही विद्या म्हणालां तर मी एक शब्द बोलणार नाहीं."

निवाडा सोपा नव्हता. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. उभें आयुष्य मुलांकडून रूपें आणि संधि घोकवून घेण्यांत गेलें. यंत्राशीं आमचा संबंध सायकलची साखळी बसविण्यापुरता. परंतु मत देण्यापूर्वीं पूर्वपक्ष नीट समजून घ्यावा ही शास्त्राची शिस्त आम्हांस ठाऊक होती. त्याच वर्षीं पुतण्या दिवाळीस आला, आणि ओटीवरील झोपाळ्यावर बसून आठ दिवस आम्हीं त्याचें शिष्यत्व पत्करलें.

पहिला घोळ झाला तो शब्दाचा. हीं इंजिनें मद्यार्कावर चालतात असें त्यानें सांगतांच माजघरांतून "म्हणजे दारूवर?" असा प्रश्न आला. मद्यार्क दोन प्रकारचा. एक इथेनॉल, उसाच्या मळीपासून होणारा. त्याचें मोटारींत जाणें आपल्या देशास नवें नाहीं. त्यासंबंधींचा कायदा १९४८ सालींच झाला होता. २००१ सालीं मिरज व मनमाड येथें तो पेट्रोलांत मिसळण्याचे प्रयोग झाले, आणि २०२५ सालीं देशांतील पेट्रोलांत त्याचें प्रमाण शेंकडा वीसपर्यंत पोंचलें. दुसरा मेथेनॉल; यास पूर्वीं काष्ठमद्यार्क म्हणत, कारण तो बंद भांड्यांत लांकूड तापवून काढीत. दिसावयास पाण्यासारखा, वासानें पहिल्याचा भाऊ, आणि पोटांत गेला तर डोळे व प्राण घेणारा. २०१५ च्या जून महिन्यांत मुंबईस मालवणी येथें विषारी दारूनें शंभराच्या वर माणसें मेलीं तीं यानेंच. शर्यतीच्या या इंजिनांत जातो तो हा दुसरा. ज्याचा घोट म्हणजे मरण, त्याची चटक लागण्याची भीति नाहीं, एवढें समाधान माजघरास देऊन आम्ही पुढें गेलों.

शर्यत १,३२० फुटांची. जागेवर उभी असलेली गाडी हें अंतर सव्वापांच सेकंदांच्या आसपास तोडते, आणि शेवटच्या रेषेवर तिचा वेग ताशीं २७० मैलांहून अधिक असतो. तेवढ्या वेळांत आमच्यानें एक अनुष्टुभ् श्लोकहि धड म्हणून होत नाहीं. इंजिनास सिलिंडर आठच, पण शक्ति तीन हजार अश्वशक्तीच्या वर. आमच्या खाडींत उभ्या असलेल्या मच्छीमार नौकांचीं इंजिनें शंभर-दोनशें अश्वशक्तीचीं असतात, त्यावरून वाचकांनीं अंदाज करावा.

एवढी शक्ति येते कशानें? इंधन अधिक ओतल्यानें, असें आम्हीं उत्तर दिलें. पुतण्या हंसला. "काका, पंगतीला पाट दहाच असतील तर भात कितीहि शिजवा, जेवणार दहाच." इंजिनांत पाट म्हणजे हवा. एक भार पेट्रोल पुरें जळण्यास सुमारें पावणेपंधरा भार हवा लागते, आणि सिलिंडरांत हवा मावेल तितकीच मावते. मेथेनॉलास मात्र साडेसहा भार हवा पुरते. भाराला भार तोलला तर मेथेनॉलांत पेट्रोलच्या निम्म्याहूनहि कमी उष्णता आहे; पण तेवढ्याच हवेंत तें दुपटीहून अधिक जाळतां येतें, म्हणून हिशेब बरोबरीस येऊन किंचित् पुढेंच जातो.

त्या किंचितासाठीं एवढा खटाटोप कोणी करणार नाहीं. पाट वाढवावयाचे तर हवा दाबून भरली पाहिजे, आणि याकरितां इंजिनाच्या डोक्यावर एक भाता बसवितात. त्याचें नांव सुपरचार्जर. एकमेकांत गुंतून फिरणारे दोन रूळ हवा ओढून खालीं कोंबीत राहतात. ही युक्ति रूट्स नांवाच्या दोघां भावांची. १८६० सालीं त्यांनीं ती काढली, तीहि योगायोगानें इंडियाना संस्थानांतील कॉनर्सव्हिल गांवीं. पाणचक्की सुधारण्याच्या उद्योगांतून निघालेलें तें यंत्र पुढें लोखंड वितळविण्याच्या भट्ट्यांस वारा घालूं लागलें. नंतर तें डिझेल ट्रकांवर आलें, आणि तेथून उतरवून शर्यतीच्या पोरांनीं आपल्या इंजिनांवर चढविलें. हा भाता फिरविण्यांतच इंजिनाची कित्येक शें अश्वशक्ति खर्चीं पडते, तरी सौदा फायद्याचा ठरतो. वायूपासून अग्नि झाला हा तैत्तिरीय उपनिषदांतील सृष्टिक्रम आम्हीं वर्षानुवर्षें वर्गांत सांगितला, त्याची त्या वेळीं आठवण झाली. मात्र उपनिषदांत सुपरचार्जर होता असें म्हणणारांपैकीं आम्ही नव्हे.

आतां हवा दाबली कीं तापते. सायकलच्या पंपाचें तोंड ज्यानें हातांत धरलें आहे त्यास हें सांगावयास नको. तापलेल्या हवेंत इंधन ठिणगी पडण्याची वाट न पाहतां आपण होऊन भडकतें आणि इंजिनास हातोडा घातल्यासारखें फोडतें. येथें मेथेनॉलाचा खरा गुण दिसतो. सुई टोंचण्यापूर्वीं डॉक्टर दंडावर स्पिरिट लावतात तेव्हां जो गारवा लागतो, तोच हा गुण. मेथेनॉलाची वाफ होतांना तें पेट्रोलच्या सुमारें तिप्पट उष्णता ओढून घेतें. आणि तें घालावयाचें दुपटीहून अधिक. म्हणजे गारवा सहा-सातपट झाला. या इंजिनास थंड करण्यास पाण्याचा रेडिएटर लागत नाहीं, इंधनच त्याचें पाणी. १९३१ सालीं सुपरमरीन एस. ६ बी या ब्रिटिश विमानानें ताशीं ४०७ मैलांचा उच्चांक केला, त्याच्या इंजिनासहि भाता होता आणि इंधनांत मोठा वांटा मेथेनॉलाचा होता. तेव्हां विद्या जुनी आहे.

येथवर जें सांगितलें तें पुस्तकांत मिळतें. जुळविणाराचें काम याच्या पुढें सुरू होतें. त्याच्या हातीं मुख्य गोष्टी तीन: भाता किती जलद फिरवावा, ठिणगी कोणत्या क्षणीं पाडावी, आणि इंधन किती द्यावें. यांतली तिसरी सर्वांत नाजूक. इंधनाचा पंप लागतें त्याहून अधिकच इंधन ढकलतो. जास्तीचें टाकीकडे परत जाण्याच्या वाटेवर बारीक भोंकाची एक पितळी टोपी असते, तिला जेट म्हणतात. भोंक लहान केलें तर परत जाणारें कमी होतें आणि इंजिनास अधिक मिळतें. पोफळीच्या आगरांत पाटाची मोरी आंवळली कीं वाफ्यांत पाणी चढतें, तसेंच हें. भोंकांतला फरक केसाएवढा.

आणि यांतच सारा मोह आहे. इंधन थोडें कमी केलें तर गाडी अधिक पळते. आणखी थोडें कमी केलें तर आणखी पळते. त्याच्या पुढच्या पायरीवर दट्ट्या वितळतो. उलट भिऊन फार ओतावें तर ठिणगी भिजून सिलिंडर बुडतो. म्हणून जाणते लोक हिशेबाहून ओलसर बाजूसच राहतात आणि तेथून एकेक पाऊल पुढें सरकतात. पाऊल कोठें पडलें हें कळण्याचें साधन म्हणजे धांव संपल्यावर ठिणगीचे प्लग काढून भिंगाखालीं पाहणें. मेथेनॉल काजळी धरीत नाहीं, त्यामुळें पेट्रोलप्रमाणें रंगावरून उमगत नाहीं. प्लगच्या वांकड्या तारेवर उष्णतेची निळसर रेषा कोठवर चढली तें पाहावें लागतें. पांढऱ्या चिनी मातीवर रुपेरी कण दिसले तर दट्ट्याचें ॲल्युमिनम उडूं लागलें असें समजावें. आम्हांस रसवैद्यांचीं पुटें आठवलीं. भस्म पाण्यावर तरंगलें कीं नाहीं, बोटांच्या रेषांत भरलें कीं नाहीं, यावरून ते अग्नि पुरा लागला कीं कमी लागला तें ठरवीत. राखेवरून अग्नीचें मोजमाप करणें ही तीच परीक्षा.

पुतण्यानें आपली वही दाखविली. प्रत्येक धांवेस एक पान. त्यावर हवेचा दाब, उष्णता, ओलावा, जेटचा आंकडा, भात्याची गति, ठिणगीचा अंश, आठही प्लगांचें वर्णन, आणि शेवटीं लागलेला वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. खाडाखोड नाहीं. एका पानावरून दुसऱ्यावर जातांना एकच गोष्ट बदललेली. दोन बदलल्या तर फळ कोणाचें तें कळत नाहीं, असें तो म्हणाला. अन्वय लावतांना एका वेळीं एकच पद हलवावें असें आम्ही मुलांस सांगत असूं. दहा मुलांतल्या नऊंनीं तें कधीं ऐकलें नाहीं.

त्याच दिवाळींत एक विलक्षण योग आला. क्यार नांवाचें चक्रीवादळ रत्नागिरीपासून सुमारें दोनशें किलोमीटरांवर समुद्रांत होतें. नौका आश्रयास खाडींत आल्या होत्या, उभें भात पावसांत आडवें झालें होतें, आणि हा पोरगा हवेचा दाब मोजण्याचें खिशांतलें यंत्र ओटीच्या कठड्यावर ठेवून दर तासास आंकडा लिहीत होता. दाब उतरला कीं हवा विरळ होते, पाट कमी होतात. मग कालचें इंधन आज जास्त होतें. ओलाव्याचेंहि तसेंच. पावसाळ्यांत आमच्या किनाऱ्यावरच्या हवेंत शंभरांत तीन भागांहून अधिक नुसती वाफ असते, आणि वाफ जळण्याच्या कामाची नाहीं. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या विमानपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती झालेल्या आहेत. ती जागा सह्याद्रीच्या माथ्यावर, आणि दर हजार फुटांस हवा शेंकडा तीन या मानानें विरळ होत जाते. जयगडच्या बंदरावर जुळविलेलें इंजिन तेथें तसेंच नेऊन चालणार नाहीं. डेन्व्हरजवळ ५,८०० फूट उंचीवर बँडिमियर नांवाचें मैदान होतें, २०२३ सालीं तें बंद झालें. तेथें तर समुद्रकांठच्या मानानें हवेचा सहावा हिस्साच नाहींसा होई, आणि बाहेरून आलेलीं पथकें वह्या चाळीत बसत.

हें सारें ऐकून आमचें मत बनत आलें होतें. पण वहिनींचा प्रश्न विद्येपाशीं थांबला नाहीं. दाराआड बसून त्यांनीं सारें ऐकलें होतें, त्यांनीं विचारलें, "आणि पेटलें तर?"

पुतण्यानें लपविलें नाहीं, हें त्याच्या बाजूचें. मेथेनॉलाची ज्वाला दिवसाउजेडीं दिसत नाहीं म्हटलें तरी चालेल. १९८१ सालीं इंडियानापोलिसच्या पांचशें मैलांच्या शर्यतींत रिक मिअर्स या वीराच्या गाडींत इंधन भरतांना तें सांडून पेटलें. माणसें जळत होतीं आणि पाहणारांस अग्नि दिसत नव्हता. मिअर्सचें तोंड भाजलें. मग असलें इंधन वापरावें कां? तर १९६४ सालीं त्याच मैदानावर पेट्रोलच्या भडक्यांत दोन वीर मेले, आणि त्यानंतर तेथें मेथेनॉल रूढ झालें. पेट्रोलवर पाणी ओतलें तर आग पसरते. मेथेनॉल पाण्यांत मिसळून जातें, म्हणून तें पाण्यानें विझतें. न दिसणारा पण विझणारा अग्नि बरा, कीं दिसणारा पण न विझणारा बरा, असा हा पेंच आहे, आणि दूर झोपाळ्यावर बसून तो सोडविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

आम्हीं निवाडा दिला तो असा: ही विद्या आहे. जिच्यांत मात्रा आहे, परीक्षा आहे, आणि केलेलें लिहून ठेवण्याची शिस्त आहे, तिला व्यसन म्हणतां येणार नाहीं. मात्र विद्या असणें निराळें आणि पोट भरणें निराळें. घरचें छप्पर त्या पावसाळ्यांत गळत होतें, आणि वहिनींचें वय वाढत होतें. म्हणून एक वर्षाचें वेतन बाजूस पडेपर्यंत नोकरी सोडूं नये असें आम्हीं त्यास सांगितलें. त्याला तें रुचलें नाहीं. आठवडाभर तो आमच्याशीं तुटकच बोलला. पुढें २०२० सालीं साथीमुळें मार्चपासून जुलैपर्यंत तिकडच्या त्या शर्यती बंद पडल्या, आणि ते महिने नोकरीवर निघाले. २०२१ सालीं त्यानें राजीनामा दिला. वेतन पूर्वींच्या दोनतृतीयांश आहे. छपराचीं कौलें बदललीं आहेत.

वहिनींनीं शब्द पाळला. त्यांनीं अट घातली ती एकच: गाडी सुरू करण्यापूर्वीं जवळ पाण्याच्या भरलेल्या बादल्या असाव्या, आणि त्या आहेत हें आपल्यास दिसावें. तेव्हांपासून प्रत्येक शर्यतीच्या सकाळीं तो बादल्यांचें छायाचित्र फोनवर पाठवितो. शर्यत कोणी जिंकली हें वहिनी विचारीत नाहींत. चष्मा लावून, पडद्यावरचें चित्र दोन बोटांनीं मोठें करून, बादल्या कांठोकांठ आहेत कीं नाहींत एवढें मात्र पाहतात, आणि मागच्या खेपेस एक अर्धी होती तेव्हां त्यांनीं लगेच फोन लावून ती भरावयास लावली.