न लागणारा दिवा

मागचा शनिवार-रविवार साताऱ्याला, आमच्या घराच्या पोर्चमध्ये, मारुती ८०० च्या बॉनेटखाली डोकं घालून गेला. नखांतलं काळं अजून निघालेलं नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये हात टेबलाखाली ठेवून बसलो होतो.

गाडी २००६ ची. कंपनीने ८०० बनवणं २०१४ मध्ये बंद केलं, पण आमची २०२१ ला फेरनोंदणी करून, पर्यावरण कर भरून अजून फिरतेय. फिरतेय म्हणजे, बाबा ती मंडईत, बँकेत आणि महिन्यातून एकदा वाईला आत्याकडे नेतात. नेत असत म्हणायला हवं. कारण पावसाळ्यापासून बॅटरी चार वेळा उतरली. पहिल्यांदा गॅरेजवाल्याने "बॅटरीच गेली" म्हणून नवी विकली. तीन आठवडे बरे गेले आणि पुन्हा तेच. नव्या बॅटरीला दोष देता येईना, मग उरलं कोण? बाबा. वय अडुसष्ट. लाईट चालू ठेवून उतरत असणार, दुसरं काय!

हा निकाल मी पुण्यात बसून, फोनवरून दिला. एवढंच नाही, दिवाळीला गेलो तेव्हा एक पिवळी चिठ्ठी लिहून डॅशबोर्डवर चिकटवली: 'लाईट बंद केले का?' बाबा काही बोलले नाहीत. नंतर एकदा आई फोनवर सहज म्हणाली, "ते हल्ली गाडी काढतच नाहीत रे. मंडईत चालत जातात. म्हणतात, माझ्या लक्षात राहत नाही आता काही."

हे ऐकून कसंतरीच झालं. कॉलेजच्या दिवसांतला मल्टिमीटर बॅगेत टाकला आणि शुक्रवारी रात्रीची एसटी पकडली.

जे काम दोन महिन्यांपूर्वी करायला हवं होतं त्याला दोन मिनिटं लागली. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.४ व्होल्ट. चालू करून रेस केलं तरी १२.२. चार्जिंग होत असेल तर तिथे साधारण १४ दिसायला हवेत. म्हणजे गाडी नुसती बॅटरीवर जगत होती. दर वेळी सेल्फ मारला, हॉर्न वाजवला, वायपर चालवले की शिल्लक थोडी कमी. पगार बंद आणि एटीएम चालू, अशातला प्रकार. लाईटचा काही संबंधच नव्हता.

पण मग डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा का लागला नाही? बाबांना विचारलं तर म्हणाले, "दिवा कधीच लागला नाही. लागला असता तर मी सांगितलं नसतं का?" बरोबरच होतं त्यांचं. किल्ली फिरवून बघितली, इंजिन सुरू न करता. ऑईलचा दिवा लागला, बॅटरीचा नाही. खरं तर किल्ली फिरवल्यावर तो लागायला हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. आमच्या गाडीतल्या अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या दिव्यातूनच मिळतो. हा करंट पुढे कार्बन ब्रशमधून आतल्या फिरत्या गुंडाळीत जातो, ती चुंबक बनते आणि मग वीज तयार होते. कार्बन झिजून टेकेनासे झाले की वीज बंद आणि दिवाही बंद! धोक्याची सूचना देणाराच त्या बिघाडात सामील. (आमच्याकडे एकदा सर्व्हर बंद पडला तेव्हा अलर्ट पाठवणारा प्रोग्रॅम त्याच सर्व्हरवर होता. अलर्ट नाही म्हणून सगळे निवांत.)

बल्ब उडाला असेल ही शंका होतीच. अल्टरनेटरची बारीक वायर काढून इंजिनाला टेकवली, दिवा लागला. म्हणजे बल्ब ठीक, घोळ आत.

मग उतरवायला घेतला. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. हे विसरायचं नाही, कारण अल्टरनेटरला येणारी जाड वायर गाडी बंद असतानाही जिवंत असते. पाना तिच्यावर आणि बॉडीवर एकदम टेकला तर ठिणग्याच. मग वायरींचे फोटो काढले. वरचा पट्टीचा बोल्ट ढिला केला, अल्टरनेटर इंजिनाकडे ढकलला, पट्टा निघाला. याला अजूनही सगळे फॅन बेल्टच म्हणतात. आमच्या गाडीत पंखा विजेच्या मोटरवर फिरतो आणि हा पट्टा अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप फिरवतो, पण नाव काही जात नाही.

दोन तासांचं काम असा माझा अंदाज होता. खालच्या बोल्टने शनिवार संपवला. एकोणीस पावसाळ्यांचा गंज! बाबा बाजूला खुर्ची टाकून टॉर्च धरून बसले होते. रॉकेल सोडून बघितलं, हातोडीने टकटक केलं, तरी हलेना. शेवटी बाबा म्हणाले, "रात्रभर तेल मुरू दे. तू ओढशील आणि डोकं तुटेल बोल्टचं." सकाळी पान्याला लोखंडी नळी अडकवून जोर लावला आणि कर्रकन आवाज करत फिरला.

स्टँडजवळ एक म्हातारे वायरमन आहेत. त्यांनी मागचं कव्हर उघडलं आणि कार्बन माझ्या तळहातावर ठेवले. एकाचा जेमतेम तीन मिलिमीटर तुकडा उरलेला, तोही तिरका झिजून अडकलेला. "कधी टेकतोय, कधी नाही," ते म्हणाले. "म्हणून चार दिवस बरी चालते, पाचव्या दिवशी बसते. गिऱ्हाईकाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं." मी बाबांकडे बघितलं नाही.

नवे कार्बन डाग देऊन बसवले. ते ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कड्या काळ्या पडल्या होत्या, त्या बारीक पॉलिश पेपरने साफ केल्या. दोन्ही कड्यांमध्ये मीटरवर तीनेक ओहम, कडी आणि शाफ्टमध्ये काहीच नाही, म्हणजे गुंडाळी शाबूत. पुढचं बेअरिंग हाताने फिरवल्यावर खरखरत होतं. मजुरी वाचवायला ते तसंच ठेवावं असं माझ्या मनात आलं, पण परत त्या बोल्टशी कुस्ती कोण खेळणार! दोन्ही बदलली. एकूण खर्च साडेआठशे. वाया घालवलेली बॅटरी साडेतीन हजारांची.

बसवताना पट्ट्याचा ताण तेवढा जपून ठेवला. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर सेंटिमीटरभराच्या आतच दबला पाहिजे. ढिला राहिला तर किंचाळतो आणि चार्जिंग कमी, जास्त ताणला तर नव्या बेअरिंगचा आणि पाण्याच्या पंपाचा बळी.

किल्ली बाबांना दिली. लाल दिवा लागला. सेल्फ मारला, विझला. मीटरवर १४.२.

"बाबा, लाईट कधीच चालू राहिले नव्हते," मी म्हटलं. "माझंच चुकलं."

"हं," म्हणाले. चिठ्ठी मी आधीच काढून चुरगळून खिशात टाकली होती. ते मंडईत गेले, अर्ध्या तासाने मेथी आणि पेरू घेऊन आले, गाडी लावली, वर येऊन पाणी प्यायले. मग पायात चपला सरकवून परत खाली गेले. गॅलरीतून वाकून बघितलं तर गाडीच्या पुढे उभे राहून, एकेका दिव्यावर हात धरून, लाईट बंद आहेत का ते बघत होते.