छप्पर कुणाचे?

मरोळला आमच्या शेजारी एक वृद्ध ईस्ट इंडियन बाई राहतात. सीप्झच्या आवारात सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे भग्नावशेष आहेत. १५७९ साली जेझुइटांनी बांधलेले हे चर्च १८४० च्या सुमारास साथीमुळे ओस पडले. वर्षातून एकदा तेथे मिस्सा होते. बाई आम्हालाही सोबत नेतात.

गेल्या वर्षी आम्ही दोघांनी त्यांच्यासाठी या चर्चचे चित्र काढले. छप्पर, दारे, वेदी, सारे जागच्या जागी. हे धाडस आमच्या अंगी आले ते रोमच्या जुन्या मुद्राचित्रांमुळे. पिरो लिगोरिओने १५६१ मध्ये प्राचीन रोमचा भव्य नकाशा बारा तावांवर छापला. त्यात पडलेले पूर्ण झाले होते आणि नाहीसे झालेले पुन्हा उभे राहिले होते. जुनी नाणी, ग्रंथ, उरलेल्या भिंती एवढा आधार, बाकी कल्पना. पण सापडलेला खांब आणि कल्पिलेला खांब छापात सारख्याच ठाम रेघेने उमटतात. त्याआधी दहा वर्षे अँटवर्पच्या हिएरोनिमस कॉकने कलोसियमच्या पडक्या कमानी झाडाझुडपांसह, होत्या तशाच छापल्या होत्या.

अशा चित्रांनी केवळ घरांच्या भिंती सजवल्या नाहीत. सेर्लिओच्या १५४० च्या ग्रंथातील रोमन वास्तूंचे लाकडी ठसे युरोपभर फिरले, आणि स्तंभ-कमानींचे ते व्याकरण पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या चर्चांपर्यंत आले. मरोळच्या भग्न कमानीखाली उभे राहिले की आम्हाला त्याचाच दूरचा प्रतिध्वनी ऐकू येतो. कागदावर पूर्ण झालेल्या रोमने दूरदूरच्या वास्तूंना आकार दिला, म्हणून आम्हीही निःशंकपणे लिगोरिओच्या वाटेने गेलो.

बाईंनी चित्र बराच वेळ न्याहाळले. सुंदर आहे, म्हणाल्या; पण हे छप्पर कुणाचे? त्यांच्या आईने, आजीनेही हे चर्च उघडेच पाहिले होते. आभाळाखाली मिस्सा ऐकायची, हीच त्यांच्या घराची रीत. आमच्या चित्रात त्यांच्या पिढ्यांना जागाच उरली नव्हती.

आम्ही ओशाळलो. अवशेष पूर्ण करताना त्यानंतरचा काळ पुसला जातो, हे वर्गात शिकवणे सोपे असते. चित्र आम्ही फाडले नाही. नवे काढले: उरलेल्या भिंती अखंड रेघेत, छप्पर तुटक रेघेत, आणि खाली मिस्सेला जमलेली माणसे.

ते अजून बाईंना दाखवायचे धैर्य झालेले नाही.