तुळशीच्या लग्नाआधी

मे महिन्यात गाद्यांना ऊन दाखवायला दिवाण उघडला आणि आंबूस वास नाकात शिरला. गोधड्यांखाली आडव्या निजवलेल्या बाटल्यांपैकी एकीचं बूच गव्हाभर वर आलं होतं, आणि कडेनं पाझरलेल्या शिराझनं आजीच्या लुगड्याची गोधडी जांभळी केली होती. वाइनला बारमाही १२ ते १४ अंश हवेत. खानदेशातल्या आमच्या मेहरूणात वैशाखात पारा ४५ला टेकतो. तापली की ती फुगते आणि बुचाला ढकलते. अण्णा माळकरी. वास घेऊन एवढंच म्हणाले, "तुझी काकवी नासली वाटतं."

उरलेल्या बाटल्या कधी उघडायच्या, हा प्रश्न तेव्हापासून घरात आहे. पुण्याचे आमचे साडू फोनवर सांगतात, "दहा वर्षं हात लावू नका." त्यांच्याकडे वाइनसाठी वेगळा फ्रिज आहे. ज्याच्या घरी फ्रिज, त्याला धीर धरायला काय जातं?

थांबायचं कशासाठी, हे मात्र मला त्यांच्याआधीपासून ठाऊक आहे. मेहरूणच्या बोरांनी शिकवलं. तुळशीचं लग्न लागेपर्यंत आमच्याकडे बोर तोंडात घालायचं नाही. "तुयशीचं लगीन होऊ दे आधी," आजी बजावायची, आणि आम्ही तलावाकडच्या बांधावर जाऊन हिरवी बोरं पाडायचो. दात आंबायचे, जीभ खरखरीत व्हायची, टाळू आवळून यायचा. कोवळी शिराझ प्यायली की नेमकं तेच बोर आठवतं. हा तुरटपणा द्राक्षाच्या सालीतला आणि बियांतला. बाटलीत वर्षं गेली की त्याचे कण एकमेकांना धरतात, जड होऊन गाळ बनून तळाशी बसतात, आणि वाइन मवाळ होते.

पण किती वर्षं? नाशिकची द्राक्षं जानेवारी ते मार्च तोडतात. पुढे ऊन चढत जातं, साखर भराभर वाढते आणि आंबटपणा उतरतो. आंबटपणा कमी, तर टिकाऊपणाही कमी. म्हणून गंगापूर धरणाकडून आणलेल्या बाटलीला फ्रान्समधल्या ऱ्होन नदीकाठचा हिशोब लावण्यात अर्थ नाही. तिकडे याच द्राक्षाला सिरा म्हणतात. ते इराणच्या शिराझ शहरातून आलं अशी कथा कैक वर्षं चालली. १९९८च्या सुमारास डीएनए तपासला, तर आई-बाप दोघंही फ्रान्सचेच निघाले. साडूंना हे सांगितलं, त्यांना आवडलं नाही.

थांबण्याच्या बाबतीत माझा माणूस मॅक्स शुबर्ट. ऑस्ट्रेलियातल्या पेनफोल्ड्स कंपनीचा वाइन करणारा. १९५१मध्ये त्यानं टिकाऊ शिराझचा पहिला प्रयोग केला. पुढे साहेबांनी चाखून नाकं मुरडली आणि १९५७मध्ये काम बंद करायला सांगितलं. पठ्ठ्यानं तीन हंगाम गुपचूप चालूच ठेवलं. काही वर्षं मुरल्यावर जुन्या बाटल्या पुन्हा चाखल्या गेल्या आणि तेच साहेब वळले. तो मालकांपासून लपवायचा, मी अण्णांपासून गोधडीखाली. आता त्या १९५१च्या बाटल्या लिलावात लाखो रुपयांना जातात आणि बहुधा कुणी उघडत नाही. हे मला पटत नाही. आमच्या बांधावरची बोरं निदान पोटात तरी गेली.

तर माझा हिशोब असा. पुढचा वैशाख या बाटल्यांना दाखवायचा नाही. भरताची वांगी बाजारात आली, रात्री गारठा पडायला लागला, की शेतावर पऱ्हाट्या पेटवायच्या आणि बाटल्या उघडायच्या. भाजलेल्या वांग्याचा धूर आणि शिराझ यांचं जमतं, हे मी चाखून ठरवलेलं आहे. शिराझमध्ये मिऱ्याचा वास येतो तो खराच. काळ्या मिऱ्यात असतं तेच द्रव्य तिच्यात सापडलंय. अडचण हिरव्या मिरचीची. खानदेशी भरताची मिरची कुठल्याच वाइनचं ऐकत नाही, आणि कमी घाला म्हणावं तर बायको भरीतच करणार नाही.

साडूंना बोलवायचं का, यावर घरात एकमत नाही. बायको म्हणते, नाही बोलावलं तर बहीण रुसेल. बोलावलं तर ते पेला गोल गोल फिरवत, उजेडात धरत बसणार, आणि तोवर कळण्याच्या पुऱ्या गार.