बंदूक जुनी, कागद नवे

अमडापूर, ता. चिखली, जि. बुलढाणा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोचलं. कारखान्यातले सोबती नोव्हेंबर लागला की हरणाच्या शिकारीला निघतात, यंदा तुलाही चल म्हणाले, आणि खिसा बेताचा म्हणून तू जुनी बंदूक बघतोयस. मिनेसोटाच्या बर्फात बसून तू हे अमडापूरच्या माणसाला विचारावंस, याचं आमच्या घरात सगळ्यांना नवल वाटलं. पण माणूस बरोबर निवडलास. मीही यंदाच पहिली बंदूक घेतली, जुनीच घेतली, आणि पैशाची ओढाताण माझीही तुझ्यासारखीच होती. तू शिकारीला चाललास, मी जागलीला, एवढाच फरक.

आधी इकडचं सांगतो. आपल्याकडे आता सोयाबीन, मागून हरभरा, धुऱ्याला तूर, आणि पाणी असेल त्याचा मका. मक्याला कणीस धरलं की डुकरं उतरतात. खाण्यापेक्षा नासाडी जास्त. ताट गुडघ्याएवढं ठेवून मोडतात, कणीस अर्धं चावून टाकतात आणि पुढच्या ताटाला लागतात. सकाळी वावरात गेलं की मधोमध लोळून केलेली मोकळी जागा दिसते, ओल्या मातीत खुरांचे ठसे, आणि सगळीकडे दाण्यांचा चुरा. हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगाई, शिरतात. ते शेंडे असे खुडतात की लांबून पीक उभं दिसतं, जवळ गेल्यावर फक्त काड्या. पंचनामा होतो, भरपाईचा अर्ज होतो, पण त्या पैशात बियाण्याचं देणं फिटलं तरी हंगाम परत येत नाही.

यावर लोकांनी जे उपाय काढलेत, त्यातला एक मला झोपू देत नाही. कुंपणाच्या तारेत थेट लाइनचा करंट सोडायचा. २०१७ च्या ऑक्टोबरात वर्धा जिल्ह्यात, बोर अभयारण्याच्या परिसरात, ब्रह्मपुरीकडून आणून सोडलेली वाघीण अशाच तारेला लागून मेली; ती बातमी देशभर गेली. पण या तारेला रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी चिकटतो, पहाटे बैल सोडायला गेलेलं पोरगं चिकटतं, कधी ज्यानं तार ओढली तोच चिकटतो. दुसरा प्रकार गावठी बॉम्बचा. पिठाच्या गोळ्यात बारूद भरून ठेवायचा, डुकरानं चावला की जबडा फुटतो. गाय, कुत्रं, लेकरू कुणाचाही बळी त्यात जातो. आणि तिसरा म्हणजे विनापरवाना गावठी कट्टा. मी बंदूक घेतली ती या तिन्ही गोष्टींना हात लावायचा नाही म्हणून. सौरकुंपणाचं तसं नाही; त्याचा झटका थांबून थांबून बसतो, त्यानं जनावर पळतं, मरत नाही. जंगलाला लागून असलेल्या गावांना श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्यासाठी अनुदानही आहे. ज्याला ते मिळू शकतं त्यानं आधी तेच करावं, असं माझं ठाम मत आहे.

आता कायद्याचं. तुझ्याकडे शिकार हा कायदेशीर हंगाम आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आता शिकारीचं दार बंद आहे. हातात परवान्याची बंदूक आहे म्हणून वावरातल्या डुकरावर गोळी चालवता येत नाही. त्यासाठी वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते. पिकांची नासाडी करणाऱ्या रोही-डुकरांसाठी शासनानं २०१५ मध्ये हे अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणले, म्हणून अर्ज निदान जवळच्या कचेरीत करता येतो. परवानगीनं मारलेलं जनावरही सरकारची मालमत्ता असते. तू हरीण मारून मांस फ्रीजमध्ये भरशील. इथे डुकराला हात न लावता पंचनाम्याची वाट बघायची. त्यामुळे खरं सांगायचं तर माझ्या बंदुकीचं काम बहुतेक रात्री आवाजाचंच. मचाणावर बसायचं, कळपाची चाहूल लागली की बॅटरी मारायची, डबा वाजवायचा, आणि अगदीच भागलं नाही तर मातीच्या बांधाकडे नळी करून एक बार काढायचा.

मिनेसोटात तुझी गाडी उलट्या वाटेनं जाऊ शकते, म्हणून आधी हे नीट वाच. तू अजून कामाच्या व्हिसावर आहेस. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं अशा परदेशी माणसाला बंदूक बाळगायला मनाई आहे. चालू असलेला शिकारीचा परवाना हातात असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणजे आधी शिकारीचा परवाना, मगच बंदूक. आणि तो परवाना मिळण्यासाठी, १९७९ नंतर जन्मलेल्या माणसाला मिनेसोटात बंदूक सुरक्षेच्या शिक्षणाचा दाखला लागतो. आपण दोघंही त्यात बसतो. तो वर्ग मनापासून कर. बंदूक परवानाधारक दुकानातूनच घे, तिथे ४४७३ नंबरचा फॉर्म भरून तुझी तपासणी होईल. ओळखीतला कुणी ‘घेऊन जा, पैसे सावकाश दे’ म्हणाला तरी तुझ्या व्हिसाचा विचार करून तो व्यवहार टाळ, आणि एकदा वकिलाला विचारून घे.

माझ्या बाजूला कागदांची वाट लांबची होती. १९५९ चा शस्त्र कायदा, २०१६ चे नियम. ऑनलाइन अर्ज, त्याची प्रत जिल्हाधिकारी कचेरीत, सातबारा, डॉक्टरांचा दाखला, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, मग अमडापूर ठाण्याकडून चौकशी. शिपाई घरी आला, शेजाऱ्यांना विचारून गेला, आई बिचारी घाबरून गेली. कायद्यात पीक संरक्षणासाठी पहिला मान ठासणीच्या बंदुकीचा आहे. ती पुरणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर वीस इंचांहून आखूड नसलेल्या, गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा परवाना देता येतो. मला बारा बोअरची एकनळी मिळाली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा झाला, आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं राहू शकतात.

याच दुरुस्तीनं जुन्या बंदुकांच्या बाजाराला हात लागला. ज्यांच्याकडे तीन होत्या त्यांना तिसरी वर्षभरात सोडावी लागली. त्याशिवाय म्हातारे परवानाधारक गेले, मुलं पुण्या-मुंबईत, त्यांना बंदूक नको. दुकानात जमा ठेवलेल्या अशा बंदुका विकायला निघतात. माझी याच वाटेनं आली. ती दुकानाच्या पुस्तकातूनच आली, म्हणून मला सोपं गेलं. परवानाधारक माणूस थेट परवानाधारकाला विकणार असेल तर आधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. या मुदतीच्या आत ‘आज पैसे, आज बंदूक’ म्हणणाऱ्याच्या दारात उभंही राहू नये.

आता ज्यासाठी तू विचारलंस ते. स्वस्तात काय घ्यावं? साधं घ्यावं. विलायती नावाच्या मागे जाऊ नये. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटची किंवा ग्रीनरची दुनळी म्हटलं की आपल्याकडे डोळे चमकतात; परदेशी बंदुकांची आयात कित्येक वर्षं बंद राहिल्यानं त्यांना भाव नावाचाच मिळतो. माझी ईशापूरच्या सरकारी कारखान्याची आहे. दिसायला ओबडधोबड, पण सुटे भाग मिळतात, आणि आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली ‘शक्तिमान’ काडतुसं तिला चालतात. तुझ्यासाठी हाच नियम असा: बोल्टची रायफल बघ, आणि .३०८ किंवा .३०-०६ अशा बोअरची बघ की ज्याची काडतुसं गावातल्या कुठल्याही दुकानात मिळतील. विचित्र बोअरची बंदूक स्वस्त मिळते आणि मग काडतुसांपायी महाग पडते.

दुकानातल्या जुन्या कारागिरानं मला बंदूक कशी बघायची ते दाखवलं. बैल घेताना दात बघतात तसं इथे नळीत बघायचं. आधी उघडून रिकामी आहे याची खात्री, बोट घालून, नुसत्या नजरेनं नाही. मग नळी उजेडाकडे धरायची. आत उजेडाची वर्तुळं एकात एक, स्वच्छ दिसली पाहिजेत. वर्तुळ कुठे मोडलं तर तिथे पोचा. एखादी सावलीची कडी सगळीकडून फिरली तर तिथे नळी फुगलेली आहे; पूर्वी कुणीतरी चिखल किंवा चिंधी अडकलेली असताना बार काढला असणार. अशी बंदूक फुकट दिली तरी परत ठेवायची. बारीक काळे खड्डे हे गंजाचे. ते थोडे आणि उथळ असले तर चालतात, पण मागच्या, काडतूस बसतं त्या भागात नकोत.

मग पुढचं लाकूड काढून, बंदूक मिटवून, दस्ता एका हातात आणि नळी दुसऱ्या हातात धरून हलवायची. टक टक वाजली तर सांधा ढिला. नळी आणि तिच्या मागची भिंत यांच्यातून उजेडाची रेघ दिसता कामा नये. घोडा ताणून, चापाला हात न लावता, अंगठ्यानं पुढे रेटून बघायचा. सुटला तर ती बंदूक एक दिवस आपोआप सुटणार. दस्त्याचा मुठीजवळचा बारीक भाग बघायचा, तडे तिथेच जातात आणि वरून पॉलिश मारलेलं असतं. शेवटी नंबर: नळीवरचा, सांगाड्यावरचा आणि कागदावरचा, तिन्ही एक. तुझ्या रायफलीत याऐवजी नळीच्या तोंडाची कड, आतल्या आट्यांची धार आणि बोल्टचा नंबर बघ, आणि बोल्ट बंद झाल्यावर काडतूस किती घट्ट बसतं ते तिथल्या कारागिराकडून मापून घे.

जुन्या विलायती बंदुकांबद्दल एक गोष्ट विशेष. नळीवर लाकडाच्या नसांसारखी नक्षी दिसली तर ती पोलाद आणि लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेली नळी असते. काळ्या बारुदासाठी केलेली. तिच्यात आजचं काडतूस घालणं म्हणजे डावा हात गमावण्याची तयारी. शिवाय जुन्या बंदुकांची घरटी अडीच इंची काडतुसांसाठी असतात, आजची पावणेतीन इंचांची. बसतात, म्हणून लोक घालतात, आणि दाब वाढतो. नळीच्या खाली, लाकडाआड चाचणीचे ठसे असतात, त्यावरून हे कळतं. विकणाऱ्याला लाकूड उतरवून दाखवायला सांगायची लाज बाळगू नकोस.

ठरवलेल्या पैशातले सगळे बंदुकीवर घालू नकोस, हे मी कळकळीनं सांगतो. कारागिराची तपासणी, कुलपाची पेटी, साफ करायची गजकाठी आणि तेल, आणि सरावाची काडतुसं, यांचे पैसे आधी बाजूला काढ. उरतील त्यात येईल ती बंदूक आपली. मिनेसोटात हरणाच्या हंगामात अंगावर भगभगीत नारिंगी किंवा गुलाबी कपडा घालावा लागतो, तोही नवा घे.

इथे मी स्वतःला एक बंधन घातलंय. बॅटरीच्या उजेडात डोळे चमकले तरी अंग पूर्ण दिसल्याशिवाय बोट चापावर जात नाही. ज्ञानगंगेचं जंगल आपल्यापासून फार लांब नाही. तिथे अस्वलं आहेत, बिबटे आहेत, आणि २०१९ च्या डिसेंबरात टिपेश्वरहून तेराशे किलोमीटर चालत आलेला वाघ तिथेच थांबला होता. मक्यातलं काळं ते डुक्करच असेल असं नाही. ते अस्वल असेल, नाहीतर चोरलाइन टाकायला आलेला, किंवा आपल्यासारखाच जागलीवरचा माणूस असेल. तुझ्या जंगलातही झुडपामागे हलणारी गोष्ट बहुधा तुझा कारखान्यातला सोबतीच असेल.

आणखी एक, निवडणूक लागली की बहुतेकांना बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. २०२४ ला विधानसभेची आचारसंहिता पंधरा ऑक्टोबरला लागली, सोयाबीन निघायच्या दिवसांत. मचाणावरचे लोक त्या महिन्यात नुसत्या डब्यांवर होते. यासाठी वेगळी वेळ ठरावी, पीक संरक्षणाच्या परवान्याला सवलत मिळावी, असं मला फार वाटतं, आणि आम्ही काही शेतकरी मिळून तसं निवेदन लिहितोय.

तू घाई करू नकोस. हा हंगाम सोबत्यांबरोबर बिनबंदुकीचा जा, चालायला आणि थांबायला शीक. वर्ग झाला, परवाना आला आणि एखादी बंदूक पसंत पडली की पैसे देण्याआधी मला तिच्या नळीचा, बोल्टचा आणि नंबराचा फोटो पाठव. मी तो आपल्या कारागिराला दाखवतो आणि त्याच रात्री तुला कळवतो.

तुझा,
अमडापूरचा मित्र