चाळीस रेघा

आमच्या घरात आकडे वाचता येणारी मी पहिलीच. वडील गवंड्याच्या हाताखाली, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला. आईचा साखरेचा आजार गोळ्यांना जुमानेना, तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनी इन्सुलिनची बाटली सरळ माझ्या हातावर ठेवली. ''कॉलेजात शिकतेस ना? मग हे तूच करायचं!''

मी शिकते ते मराठी वाङ्मय! पण हे आईला कोण सांगणार?

लाल टोपणाची सिरिंज, तिच्यावर चाळीस बारीक रेघा. एक रेघ म्हणजे एक युनिट. बाटलीवरही चाळीसचाच आकडा हवा. नारिंगी टोपणाची सिरिंज शंभराच्या बाटलीसाठी असते, ती इथे चालत नाही. गढूळ औषध तळहातांवर हळूच घोळवायचे, घुसळायचे नाही. पोटावरची जागा रोज थोडी सरकवायची, नाहीतर गाठ धरते. फ्रिज नाही, म्हणून एकात एक दोन मडकी आणि मध्ये ओली वाळू. पहिल्या दिवशी माझा हात थरथरला, तर आईच म्हणाली, ''तुझ्या पायातले काटे मी काढलेच की गं. टोच!''

ग्रंथालयात वाचले, की 1921 साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले, जानेवारी 1922 मध्ये ते प्रथम एका मुलाला टोचले आणि पुढे पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. मोठ्या कौतुकाने हे आईला सांगितले. ती म्हणाली, ''मग दुकानात बाटली एवढी महाग का?'' मी गप्प.

अशाच एका सोमवारी मी नेहमीप्रमाणे अठरा युनिट दिली आणि अभ्यासाला बसले. टोचल्यावर अर्ध्या तासात जेवायचे, हे तिला पाठ होते. तासाभराने पाहते तो आई दारात उभी. घामाने चोळी भिजलेली, हात कापताहेत, बोलणे बोबडे! मी साखरेचा डबा ओढला. शेजारच्या काकूंनी माझा हातच धरला. ''साखरेच्या माणसाला साखर देतेस?'' हात सोडवून घेतला. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून घोट घोट पाजली. ती पंधरा मिनिटे माझ्या सगळ्या परीक्षांपेक्षा मोठी होती.

ओळख पटल्यावर आई पहिल्यांदा काय म्हणाली? ''उपास मोडला गं माझा.''

मी पास व्हावे म्हणून तिने मला न सांगता सोमवार धरले होते. मी खूप बोलले तिला. ज्या अठरा रेघांची मला घमेंड होती, त्या मोजताना ''आई, जेवलीस का?'' एवढेही मी विचारले नव्हते, हे मात्र मी काकूंना सांगितले नाही. इथे प्रथमच लिहिते आहे.

आता आधी ताटातली भाकरी पाहते, मगच सुई भरते. आईही रेघा मोजायला शिकते आहे. बारापर्यंत नीट जाते. पुढे त्या तिच्या डोळ्यांसमोर एकमेकींत मिसळतात, आणि आम्ही दोघी पुन्हा एकपासून सुरुवात करतो.