पाठ कुणाची दुखते?

चाकूर तालुक्यात ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा मोंढ्यात हमालीला जाणाऱ्या माणसाने पाठ दुखते असे सांगितले की डॉक्टर काय म्हणणार, हे आम्हाला आता पाठ झाले आहे. "ओझं उचलतोस ना? मग दुखणारच." एक इंजेक्शन, चार गोळ्या, एक मलम. या उत्तरात शिवी नाही, विटाळ नाही. तरीही ते जातीच्या मुशीतून आलेले उत्तर आहे, असे आमचे म्हणणे आहे. ज्यांच्या पिढ्यांनी ओझे वाहिले त्यांचे दुखणे हा आजार नसून त्यांच्या कामाचाच भाग आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. बँकेतल्या साहेबाची पाठ महिनाभर दुखली तर त्यांना कुणी असे सांगत नाही. त्यांना लातूरला एमआरआयला पाठवतात.

काही मित्र म्हणतील, मराठा, धनगर, वंजारी मजुरालाही हेच ऐकावे लागते. बरोबर आहे. जातिव्यवस्थेने अंगमेहनतीला जी हलकी किंमत लावली, ती मेहनत करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येते.

आमच्या वस्तीतल्या तिशीतल्या एका ताईचे उदाहरण घ्या. उसाची मोळी डोक्यावर घेऊन शिडीवरून ट्रकमध्ये चढवणे हे तिचे काम. सात महिने ती इंजेक्शने घेत होती. संध्याकाळी कणकण यायची, जेवण जात नव्हते, ब्लाऊज सैल झाले होते. दिवसभर काम केल्यावर कामाचे दुखणे वाढते आणि पडून राहिले की बरेचसे कमी होते. तिला तर रात्री झोपेतून जाग यायची. हे सगळे तिने प्रत्येक ठिकाणी सांगितले. पाय लटपटू लागले तेव्हा तिला मोठ्या दवाखान्यात नेले. तिथे एमआरआयची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. बाहेर करायचा तर हजारोंचा खर्च. आम्ही वर्गणी काढून बाहेर केला. दोन मणके पोखरलेले, मध्ये पू, आणि तो पू मज्जारज्जूवर दाबत होता. मणक्याचा टीबी.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. मणक्यातला प्रत्येक जंतुसंसर्ग टीबीचा नसतो. साध्या पू करणाऱ्या जंतूंचाही असतो, त्याला साधारण सहा आठवडे वेगळी प्रतिजैविके लागतात. म्हणून सुईने पू किंवा हाडाचा तुकडा काढून तपासायचा असतो. जीन एक्सपर्ट मशीनवर टीबीचा जंतू आणि तो रिफाम्पिसिनला दाद देतो की नाही, हे काही तासांत कळते. न तपासता गोळ्या सुरू करणे हाही गरिबावरचा प्रयोगच. साध्या एक्स-रेवर विसंबून चालत नाही, कारण हाड बरेच झिजल्याशिवाय त्यात काही दिसत नाही.

निदान झाले की उपचार अवघड नाही, हीच खरी चीड आणणारी गोष्ट आहे. पूर्वी अशा रुग्णाला महिनोन्‌महिने खाटेवर निजवत, प्लास्टरच्या जाकिटात बांधत. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने कोरियात मसान आणि पुसान इथे तुलना करून पाहिली. योग्य औषधे चालू असतील तर खाटेवर झोपवून किंवा प्लास्टर घालून वेगळा फायदा होत नाही, असे दिसले. त्याआधी १९५९ मध्ये मद्रासच्या अभ्यासाने फुप्फुसाच्या टीबीबाबत दाखवून दिले होते की, दाटीवाटीच्या घरात, अपुरे खाऊन जगणारा गरीबही घरी औषध घेऊन सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो. आज मणक्याच्या टीबीला किमान वर्षभर, गरज पडल्यास दीड वर्ष गोळ्या देतात. त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पायातली ताकद जात असेल, पू दाबत असेल किंवा मणका ढासळत असेल तर शस्त्रक्रिया लागते. म्हणजे औषध आहे, फुकट आहे, घरी घेता येते. पाय जातात ते निदानाला लागणाऱ्या उशिरामुळे.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत दिली आहे. बाळंतपणानंतर त्याची बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. आला तेव्हा थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातून दिला-घेतला. ती बाई वाचली नाही. ही हकिकत १९२९ मध्ये 'यंग इंडिया'त छापून आली होती. आजचा डॉक्टर नाडी धरतो, सुई टोचतो. पण मणक्याच्या आजाराची पहिली तपासणी म्हणजे उघड्या पाठीवरून मानेपासून कमरेपर्यंत हात फिरवणे, कुठे उंचवटा आहे, कुठे दाबल्यावर दुखते ते बघणे. त्याला मशीन लागत नाही, एक मिनिट लागते. सात महिन्यांत ताईच्या पाठीला एकाही डॉक्टरचा हात लागला नव्हता.

आमचे मागणे छोटे आहे. सहा आठवड्यांहून जास्त पाठदुखी, सोबत ताप किंवा वजनात घट, अशा रुग्णाची नोंद आशाताईंनी करावी. ग्रामीण रुग्णालयाने चिठ्ठी द्यावी, आणि त्या चिठ्ठीवर लातूरला एमआरआय त्याच आठवड्यात व्हावा, जाण्यायेण्याच्या भाड्यासह. खोकल्याच्या रुग्णाला शोधायला मोहिमा निघतात. मणक्याचा टीबी झालेला माणूस बहुधा खोकतच नाही, त्यामुळे तो मोहिमेत सापडत नाही.

निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. ताईच्या गोळ्यांचा आता दहावा महिना आहे. काठी घेऊन ती हापशापर्यंत जाते. यंदा ऊसतोडीला जाता आले नाही, आणि मुकादमाची उचल फिटायची आहे. त्या उचलीबद्दल मुकादमाशी बोलायला आम्ही चारजण या रविवारी जात आहोत.