शून्य मैलाचा दगड आणि पेट्रोलचा काटा

मुलांनो, नागपूरला आलात तर विधान भवनाजवळचा 'झिरो माईल' पाहिल्याशिवाय जाऊ नका. आता तर तिथे मेट्रोचं स्थानकही झालं आहे. चार घोडे, एक वालुकाश्माचा खांब आणि खांबावर जबलपूर, हैदराबाद, रायपूर, चंद्रपूर अशा गावांची अंतरं मैलांत कोरलेली. जवळच १९०७ सालचा एक दगड आहे. इंग्रजांच्या काळात देशाची मोजणी चालू होती, तेव्हा या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची बारकाईने मोजून ठेवली: सुमारे १०२० फूट. मोजणी करणाऱ्यांची रीतच अशी, की आधी एक खात्रीची खूण पक्की करायची, मग तिच्यावरून पुढचं मोजायचं.

हीच रीत जुन्या मोटारीतही कामी येते, बरं का!

समजा, तुमच्या मामांकडे जुनी प्रीमियर पद्मिनी आहे आणि सगळे मिळून रामटेकला निघालात. कामठी, कन्हान नदीचा पूल, मनसर आणि मग रामटेक, असा जवळजवळ ५० किलोमीटरचा रस्ता. महिना मे, पारा ४५ अंशांवर. पेट्रोलचा काटा सांगतो, 'अर्धी टाकी आहे.' पण गंमत अशी, की गेले आठ दिवस तो अर्ध्यावरच आहे! त्याच्या भरवशावर निघालात आणि कन्हानच्या पुढे गाडी बंद पडली तर? आजी आणि धाकट्या भावंडांना त्या उन्हात ताटकळत ठेवायचं? नागपूरचं ऊन म्हणजे थट्टा नव्हे. ऊन लागून माणूस दवाखान्यात जातो.

म्हणून निघण्याआधी काट्याची परीक्षा घेऊ. पण हा काटा हलतो तरी कसा?

टाकीत एक पोकळ डबी पेट्रोलवर तरंगत असते. तिला फ्लोट म्हणतात. ती एका दांडीला जोडलेली असते. पेट्रोल कमी झालं की फ्लोट खाली येतो, दांडी फिरते आणि तिचं दुसरं टोक बारीक तारेच्या वेटोळ्यावरून सरकतं. त्यामुळे विजेच्या वाटेतला अडथळा कमी-जास्त होतो आणि त्याप्रमाणे समोरचा काटा हलतो. म्हणजे फ्लोट, वेटोळं, वायर किंवा खुद्द काटा, यांपैकी कुणीही दगा देऊ शकतं.

आता आपली खात्रीची खूण कोणती? काठोकाठ भरलेली टाकी! मामा पंपावर टाकी भरून घेतात. काटा तरीही अर्ध्यावरच. म्हणजे काहीतरी बिघडलंय हे नक्की. "काटाच बदलून टाका," असं म्हटलं तर गॅरेजमधला मिस्त्री हसेल. "थांबा ना भाऊ, आधी वायर तर पाहू द्या!"

तो आधी फ्यूज पाहतो. मग टाकीकडून येणारी वायर सोडवतो आणि किल्ली फिरवायला सांगतो. काटा एका टोकाला जातो. तीच वायर तो टाकीपासून लांब, गाडीच्या उघड्या लोखंडाला क्षणभर टेकवतो. काटा सर्रकन दुसऱ्या टोकाला! याचा अर्थ काटा आणि वायर दोन्ही ठणठणीत. दोष टाकीकडेच. काटा हललाच नसता, तर वायर तुटली असावी किंवा काटाच गेला असावा.

टाकीकडचे दोषही ओळखता येतात. फ्लोटला भोक पडून आत पेट्रोल शिरलं, की तो बुडतो आणि काटा कायम रिकामी टाकी दाखवतो. वेटोळं एका जागी झिजलं, तर तिथे आल्यावर काटा थरथरतो. मामांच्या गाडीत दांडीच गंजून अडकली होती. ती मोकळी झाली आणि नव्या काट्याचा खर्च वाचला.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. हे काम मिस्त्रीचं आहे, तुमचं नव्हे. पेट्रोलची वाफ एका ठिणगीनेही पेटते. तुम्ही लांब उभे राहून पाहा.

तुमच्यासाठी वेगळं काम आहे. टाकी भरली की गाडीच्या मीटरवरचा किलोमीटरचा आकडा वहीत लिहा. गाडी लिटरला १२ किलोमीटर जात असेल, तर रामटेकला जाऊन-येऊन १०० किलोमीटरला साडेआठ लिटरच्या आसपास पेट्रोल लागेल. तुमचं गणित आणि काटा जुळले, तर काटा खरा!

आणि हो, रामटेकच्या गडाचा चढ चढताना काटा थोडा सरकला, तर घाबरू नका. चढावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला जातं, एवढंच. सपाट रस्ता लागला की तो परत जागेवर येतो. तोवर तुम्ही खिडकीतून खिंडसी तलाव कुठे दिसतो ते शोधा!